बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही बदललाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या खेळण्यांवर पान आलं होतं, आमच्या घरी ते सगळ्यांनी वाचलं, आईने तर भातुकलीचा फोटो कापून ठेवलाय. पण त्याच पानावर खाली कोपऱ्यात टीव्ही गेमच्या बंदुकीचा एक फोटो होता आणि त्याच्याखाली एवढीच ओळ, की मुलांना कंटाळा आला आणि हे खेळणं मागे पडलं. ती ओळ मला फार लागली म्हणून हे पत्र लिहितेय. मुलांना कंटाळा आला नव्हता हो. त्या बंदुकीचा अर्धा भाग टीव्हीत होता, आणि तो टीव्हीच आपण घरातून काढून टाकला.

माझ्या वडिलांचं मिरजेत टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं, तीसएक वर्षं चाललं, आता शटर खाली आहे पण आतलं सामान बरंचसं तसंच आहे. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आमचा जुना टीव्ही गेम सापडला. ९०च्या दशकात घरोघरी असायचा तोच, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेमची नक्कल केलेला, दोन जॉयस्टिक, पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९९९ गेम लिहिलेलं (आत पंधरावीसच, तेच तेच फिरून यायचे), आणि काळी बंदूक. भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याने लगेच हट्ट धरला, आम्ही हॉलमधल्या ४३ इंची एलईडीला एव्हीच्या वायरी लावल्या आणि काय आश्चर्य, गेम सुरू झाला! बदकं उडाली, कुत्रा गवतात उडी मारून गेला, आवाज पण तोच. भाच्याने नेम धरला, ट्रिगर दाबला, टक्क. बदक उडून गेलं. परत टक्क. परत गेलं. पुढे सरकला, अगदी स्क्रीनला नळी टेकवून मारलं तरी काही नाही, आणि दर वेळी तो कुत्रा गवतातून वर येऊन हसतोय. दहा मिनिटांनी पोराचं तोंड एवढंसं झालं आणि मला विचारतो, "मावशी, माझा नेम इतका वाईट आहे का गं?"

मला खरंच कसंतरी झालं. त्याचा नेम उत्तम होता.

आता ही बंदूक चालते कशी ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं माझं म्हणणं पटणार नाही. आपल्याला वाटतं बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीला लागतं. निघत काहीच नाही. ती बंदूक मारत नाही, बघते. नळीच्या तोंडाशी प्लास्टिकचं भिंग आणि त्याच्या मागे उजेड ओळखणारा मसुराएवढा सेन्सर, बाबांनी एकदा स्क्रू काढून मला दाखवला होता, बाकी आतून जवळजवळ पोकळ. ट्रिगर दाबला की गेमचं मशीन क्षणभर अख्खा पडदा काळा करतं आणि लगेच पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतं. आपल्याला ती नुसती एक लुकलुक वाटायची, आठवून बघा, गोळी मारली की स्क्रीन मिचकायची. सेन्सरला आधी अंधार दिसला आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असली तर आधी एकाचा चौकोन मग दुसऱ्याचा, कुठल्या चित्राला उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं ते ठरायचं. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा चित्र बदलायचं, म्हणजे एका चौकोनाला मिळायचे वीस मिलिसेकंद, तेवढ्यात सगळा निकाल!

आमच्या गल्लीतली मुलं म्हणायची की बंदूक ट्यूबलाइटकडे धरून मारलं की बदक पडतं. मी कितीदा करून बघितलं, कधीच पडलं नाही, आणि का पडत नाही ते मला फार वर्षांनी कळलं. ट्यूबलाइट काळी होत नाही ना मध्ये! आधी अंधार दिसला पाहिजे ही अट गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम घातली होती, चोरी पकडायला. इतका विचार एका खेळण्यात केलेला होता. आणि दुकानात लोक तक्रार घेऊन यायचे की गेमची बंदूक चालत नाही, तर बाबा बंदुकीला हातसुद्धा लावायचे नाहीत, नुसतं विचारायचे घरी टीव्हीचा ब्राइटनेस कमी ठेवलाय का, तो वाढवा आणि दुपारी खेळत असाल तर खिडकीचा पडदा ओढा. गिऱ्हाईक परत यायचं नाही.

आता एलईडीवर का चालत नाही? जुन्या डबा टीव्हीत सिग्नल आला की त्याच क्षणी काचेवर उमटायचा, मागून इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत वरून खाली यायचा, मध्ये थांबून विचार करणारं कुणी नव्हतं. नवा टीव्ही चित्र आधी स्वतःकडे घेतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो, यात पन्नास, कधी शंभर मिलिसेकंद सहज जातात. माणसाच्या डोळ्याला ते जाणवत नाही पण बंदुकीने ज्या वीस मिलिसेकंदात बघायचं असतं ते कधीच होऊन गेलेले असतात. चौकोन येतो, पण बंदुकीने डोळा मिटल्यावर येतो. टीव्हीतला गेम मोड, म्हणजे चित्र लवकर दाखवायची सेटिंग, लावून बघितला, उपयोग नाही. म्हणजे बंदूक शाबूत, गेम शाबूत, पोराचा नेम शाबूत, आणि तरी बदक पडत नाही.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर उघडून बाबांचा २० इंची जुना टीव्ही शोधला. त्याच्या आदल्याच महिन्यात भंगारवाला त्याचे दीडशे रुपये द्यायला तयार होता आणि मी हो म्हणणार होते, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, हात थरथरतात, पण खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलं आणि मी ड्राय सोल्डर झालेले, म्हणजे डाख सैल पडलेले, दोन सांधे परत मारले, धूळ काढली, बटण दाबलं. तो आवाज! आधी थड्ड, मग काचेवर हात नेला की चरचर, हाताचे केस उभे राहतात, आणि हळूहळू उजळत जाणारं चित्र. भाच्याने पहिल्याच गोळीला बदक पाडलं. तो ओरडला नाही, काही नाही, बंदुकीकडे बघितलं आणि मग आजोबांकडे बघितलं. मग माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, जॉयस्टिक हातात घेतली आणि बदक इकडेतिकडे पळवायला सुरुवात केली, कारण एका बदकाच्या गेममध्ये दुसऱ्याला जॉयस्टिकने बदक हलवता येतं हे तिला लहानपणापासून माहिती, तेव्हा ती मला असंच छळायची. रात्री अकरापर्यंत दुकानात बसलो होतो.

आता थोडं लांबून सांगते, कारण हे फक्त एका बंदुकीचं नाही. टीव्हीशी बोलणारी खेळणी हा एक अख्खा प्रकार होता आणि त्याची सुरुवात टीव्ही घरात आला तेव्हापासूनची आहे. अमेरिकेत १९५३ ते १९५७ सीबीएस या वाहिनीवर विंकी डिंक नावाचा मुलांचा कार्यक्रम लागायचा. मुलांनी पन्नास सेंट पाठवून एक किट मागवायचं, त्यात प्लास्टिकचा पारदर्शक कागद आणि खडू. कागद कापडाने घासला की टीव्हीच्या काचेला आपोआप चिकटायचा. मग गोष्टीत विंकी डिंक नदीपाशी येऊन अडायचा आणि निवेदक मुलांना सांगायचा, लवकर पूल काढा! मुलांनी रेघ ओढली की तो त्या रेघेवरून चालत जायचा. टीव्हीला अर्थातच काही कळत नव्हतं, रेघ काढली नाही तरी तो हवेतून चालत पलीकडे गेलाच असता, पण त्या मुलाला वाटायचं मी पूल बांधला म्हणून तो वाचला. मला हे वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. आणि ज्यांच्याकडे किट नव्हतं त्या मुलांनी काय केलं? सरळ टीव्हीच्या काचेवर खडूने काढलं. त्यांच्या आयांचं काय झालं असेल ते आपण समजू शकतो.

मग १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स ओडिसी आला, घरी खेळायचा पहिला व्हिडिओ गेम, त्याच्यासोबत वेगळी रायफल मिळायची, आणि त्या रायफलला मात्र कुठलाही दिवा दाखवला तरी नेम लागायचा, आमच्या गल्लीतली मुलं तिथे असती तर खरी ठरली असती. जपानमध्ये निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी तर त्याच्याही आधी, १९७० मध्ये, उजेडाची बंदूक काढली होती, पण तिथे उलटं होतं, बंदुकीत दिवा आणि निशाण्यात सोलर सेल. पुढे दिशा फिरवली, उजेड टीव्हीने द्यायचा आणि बंदुकीने बघायचा, आणि १९८४ मध्ये डक हंट, म्हणजे हाच बदकांचा गेम, आला. त्याचीच नक्कल फिरत फिरत मिरजेला पोचली.

आणि १९८७ चं कॅप्टन पॉवर. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहिती नाही. मॅटेल कंपनीने टीव्ही मालिका आणि खेळणी एकत्रच काढली. मुलाच्या हातात एक विमान, मालिकेत लढाई सुरू झाली की खलनायकांच्या अंगावरचे भाग ठराविक वेगाने लुकलुकायचे, विमानाने तिकडे नेम धरून मारायचं, गुण मिळायचे. इथपर्यंत बंदुकीसारखंच. पण पडदा उलट मारायचा! स्क्रीनवरून येणारी लुकलुक विमानाला लागली की गुण कमी, पाच वेळा लागलं की कॉकपिट उघडून आतला छोटा पायलट उडून बाहेर पडायचा, हातातल्या खेळण्यातून, खरोखर. १९८७ मध्ये एखाद्या मुलाला ते काय वाटलं असेल विचार करा, टीव्हीतल्या राक्षसाने माझ्या हातातला माणूस पाडला. मालिका एकच वर्ष चालली, २२ भाग. पालकांनी हिंसेवरून खूप ओरड केली, आणि मालिका म्हणजे खेळणी विकायची जाहिरात आहे असंही म्हटलं, त्यात तथ्य होतं, ज्याच्या घरी विमान नाही त्या मुलाने नुसती लुकलुक बघत बसायचं हे मलाही पटत नाही. तरी ज्यांनी ते बनवलं त्यांची कल्पना मोठी होती हे मानायलाच पाहिजे.

पुढे १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बार्नी हा जांभळा डायनासोर बाहुला काढला, टीव्हीला एक डबी जोडायची, कार्यक्रमाच्या सिग्नलमध्ये लपवलेले संकेत ती ओळखायची आणि रेडिओने बाहुल्याला कळवायची, मग बाहुला मुलाशेजारी बसून कार्यक्रमावर बोलायचा, हात हलवायचा. २००४ च्या सुमाराला बॅटमॅनच्या कार्टूनसोबत मॅटेलने काही खेळणी काढली, ती चित्राच्या उजेडातले डोळ्याला न कळणारे बदल वाचायची. अशी बरीच आहेत, सगळी सांगत बसत नाही. सगळ्यांची गोष्ट एकच, टीव्ही बदलला किंवा ते प्रक्षेपण बंद झालं, आणि खेळणं मुकं झालं. बाहुला अजून आहे, बॅटरी घातली तर तो हलतोही, पण ज्याच्याशी बोलायचा तोच गेला.

भातुकलीचं तसं नाही बघा. ती शंभर वर्षांनी काढली तरी मुलगी तिच्यात चहा करील. भोवरा, लगोरी, काचेच्या गोट्या, यांना दुसऱ्या कुणाची गरज नाही. आणि म्हणून जुनी खेळणी जपायची म्हणतो तेव्हा आपण या टीव्हीवाल्या खेळण्यांना पण तसंच कपाटात ठेवतो, काच लावतो, खाली पाटी लावतो. ते चूक आहे. काचेमागची ती बंदूक बघून पुढच्या पोराला काय कळणार, काळा प्लास्टिकचा तुकडा.

पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, तिथे गेलेल्यांना माहिती असेल, तिथे गाड्या चालतात. सिग्नल पडतो, फाटक खाली येतं, दिवे लागतात, आणि बारकी पोरंच काय आजोबा पण जागचे हलत नाहीत. एका माणसाच्या वेडातून ते उभं राहिलं. मला असंच काहीतरी या खेळण्यांसाठी हवंय, आणि फार मोठं नकोच आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याजिल्ह्यातल्या विज्ञान केंद्रांमध्ये एका कोपऱ्यात एक चालू डबा टीव्ही आणि एक बंदूक ठेवा, शेजारी तीच बंदूक एलईडीला लावून ठेवा, मुलांना दोन्हीकडे मारू द्या, आणि का एकीकडे पडतं दुसरीकडे पडत नाही ते विचारा. पिक्चर ट्यूब म्हणजे काय, दृष्टी टिकते म्हणजे काय, मिलिसेकंद म्हणजे किती, हे सगळं त्या एका बदकात आहे, आमच्या वेळी फिजिक्सच्या पुस्तकात पिक्चर ट्यूबची आकृती होती ती पाठ करून आम्ही मार्क मिळवले पण मला ती खरी कळली ती दुकानात, बंदूक हातात असताना.

काहीजण म्हणतील आता एलईडीवर चालणाऱ्या नव्या बंदुका आल्यात. आल्यात, त्यात कॅमेरा असतो, तो अख्खी स्क्रीन बघून नेम कुठे आहे ते मोजतो. चांगली गोष्ट आहे, ज्यांना खेळायचंय त्यांनी जरूर घ्यावी. पण ती माळ्यावरच्या जुन्या बंदुकीला जिवंत करत नाही. आणि बाजारात जुनी बंदूक "कुठल्याही टीव्हीवर चालते" म्हणून विकतात त्यांच्यापासून सावध राहा, मी स्वतः एका ठिकाणी असे बाराशे रुपये घालवलेत, परत द्यायला गेले तर म्हणे तुमचा टीव्ही खराब आहे.

डबा टीव्ही जपणं सोपं नाही हे मी मान्य करते, बाबांचं सगळं आयुष्य त्यात गेलंय. घरगुती टीव्हीच्या नव्या ट्यूब आता कारखान्यात बनत नाहीत, ट्यूब उतरली की चित्र अंधुक आणि मळकट होत जातं, त्याला बूस्ट देऊन काही दिवस ढकलता येतं पण कायमचं नाही. ईएचटी, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, उडाला तर तो मिळवायला दुसरा मेलेला टीव्हीच फोडावा लागतो. म्हणूनच घाई आहे. दर आठवड्याला भंगाराच्या गाडीवर मला दोनतीन टीव्ही दिसतात, तांब्यासाठी मागची कॉइल ओरबाडून काढलेली, ट्यूबची मान तुटलेली. आणि एक गोष्ट इथे कळकळीने सांगते, कृपा करून घरी हे डबे उघडू नका आणि फोडू तर अजिबात नका. चालू असताना ट्यूबला वीस पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावर, प्लग काढल्यावरसुद्धा, त्यातला चार्ज आत राहतो, बाबांच्या शेजारच्या दुकानातला मुलगा त्याने मागच्या भिंतीवर जाऊन आपटला होता. काचेत शिसं असतं ते वेगळंच. टाकायचाच असेल तर ई-कचरा घेणाऱ्यांना नीट द्या. पण टाकायच्या आधी एकदा लावून बघा. आणि कुणी मेकॅनिक ओळखीचा असेल, साठीच्या पुढचा, तर त्याच्याकडून जेवढं शिकता येईल तेवढं शिकून घ्या, कारण सर्किट डायग्राम कुठे तरी मिळेल, पण कुठल्या टीव्हीत कुठला सांधा आधी सुटतो ते फक्त या लोकांच्या डोक्यात आहे आणि त्यांना ते कुणी विचारत नाही. आमच्या बाबांना त्या रात्री कित्येक वर्षांनी कुणीतरी विचारलं.

तर संपादक महाराज, तुमच्याकडे दोन विनंत्या आहेत. एक म्हणजे त्या फोटोखालची ओळ शक्य झालं तर दुरुस्त करा, "चालायला जुना टीव्ही लागतो" एवढं जरी लिहिलंत तरी एखाद्या घरातली बंदूक आणि टीव्ही दोन्ही वाचतील. दुसरी, वाचकांसाठी. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणाकडे चालू किंवा बंद असलेला १४ किंवा २० इंची डबा टीव्ही असेल आणि तो काढून टाकायचा विचार असेल तर भंगारात घालायच्या आधी तुमच्या कार्यालयाला कळवावं, मी येऊन घेऊन जाईन, भंगारवाला देतो त्यापेक्षा पन्नास रुपये जास्त देईन. ट्यूब चांगली असली की पुरे, बाकीचं मी आणि बाबा बघून घेऊ. १४ इंची मिळाला तर फार बरं होईल, कारण आमच्या २० इंचीच्या डाव्या कोपऱ्यात रंग फाकायला लागलेत, आणि मे महिन्याच्या सुट्टीत भाचा त्याच्या वर्गातल्या चौघांना घेऊन येणार आहे.

आपली,
मिरजेची एक वाचक